शुक्रवारी सासूबाईंना मीच नेणार

ती. साडूभाऊंना,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत उत्तम असणारच (ती कधी बिघडल्याचं मी अकरा वर्षांत ऐकलेलं नाही). ताईंची पाठदुखी कशी आहे? मुलांना आशीर्वाद. इकडे एक गाडी सोडली तर सगळे खुशाल आहेत.

येत्या शुक्रवारी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि यावेळी त्यांना दवाखान्यात मी नेणार आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल (नसेल, तर आता आलं). त्यांनी मला आपणहून सांगितलेलं हे पहिलंच काम. आजवर दात, बँक, लग्नकार्य, सगळीकडे तुमची गाडी. परत आल्या की आमच्या घरी बसून त्या तुमच्या गाडीचं आणि तुमचं कौतुक करायच्या आणि मी मान डोलवत चहा प्यायचो. त्या चहाला मला कधी चव लागली नाही, आज स्पष्टच लिहितो.

तर रविवारी सकाळी किल्ली फिरवली आणि समोर लाल अक्षरांत सूचना आली, बॅटरी कमी आहे. खोटं कशाला बोलू, पहिली आठवण तुमची झाली. शनिवारी तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारून "छान ठेवलीय हं" म्हणाला होतात. नजर लागली, असं मी घरात बोललोसुद्धा. बायको म्हणाली, भावजींना फोन करा (तिला कुठल्याही अडचणीत आधी तुम्हीच आठवता, त्यावर एक वेगळं पत्र होईल). म्हणून मी फोन केला नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचलेली. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन तासभर घासत बसलो (टूथब्रश जुना नव्हता, हे मागाहून कळलं). टोकं लखलखायला लागली आणि सूचना होती तिथेच राहिली.

शेवटी नाक्यावरच्या वायरिंगच्या मिस्त्रींना बोलावलं. माणूस सावकाश काम करणारा. गाडी चालू करून त्यांनी मीटर लावलं, चार्जिंग व्यवस्थित होतं. मग गाडी बंद करून लावलं, तर बंद गाडीही वीज खात होती. म्हणाले, वरून जोडलेली एकेक तार सोडवून बघू, आकडा खाली येईल तिथे चोर. नेमकी तेव्हाच बायको शेजारी येऊन उभी राहिली. पहिली तार पुढच्या कॅमेऱ्याची. हा कशाला, मिस्त्रींनी विचारलं. सुरक्षेसाठी, मी म्हटलं. भावजींच्या गाडीला आहे, बायको म्हणाली. दुसरी तार मागच्या कॅमेऱ्याची (तो तुमच्याकडे नाही, म्हणून बसवला होता). मग पायाशी लावलेले निळे दिवे, तुमचे दोन, माझे सहा. मग गाण्यांचा मोठा डबा, मग आपोआप अत्तर उडवणारं यंत्र. सगळं मी सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ बघून थेट बॅटरीला जोडलेलं, गाडी बंद झाली तरी चालू राहणारं. प्रत्येक तारेला आकडा उतरत होता आणि बायको कारण सांगत होती. सगळ्या तारा सुटल्यावर मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, गाडीत दोष काही नाही."

संध्याकाळी बायकोने आणखी एक गोष्ट सांगितली. सासूबाईंनी मला का निवडलं, तर म्हणे ऑपरेशनच्या दिवशी डोक्याला ताप नको, धाकट्याच्या गाडीत काही म्हणजे काही नाही, शांत बसता येतं. (त्या माझ्या गाडीत शेवटच्या बसल्या, त्याला वर्ष झालं.) आधी मला राग आला, मग हळूहळू आनंद झाला. अकरा वर्षांत एका बाबतीत मी तुमच्या पुढे निघालो! आता तुमच्याविषयी माझ्या मनात कसलाही आकस उरलेला नाही, हे कळवण्यासाठीच हे पत्र.

आपला,
धाकटा साडू

ता. क. काढलेलं सगळं सामान खोक्यात भरून पाठवतो आहे. तुमच्याच गाडीत शोभेल. सगळं बसवून घ्या, पण शुक्रवारनंतर.

ता. क. शुक्रवारनंतर अशासाठी की सारखी उतरून उतरून माझी बॅटरी कायमची गेली आहे आणि या मापाची नवी शनिवारी येणार. तरी शुक्रवारी सकाळी सातला तुमची गाडी घेऊन यावं, ही कळकळीची विनंती. चालवीन मी. गाणी, दिवे, अत्तर, सगळं बंद ठेवा. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांनी अंधुकच दिसतं आणि येताना एकावर पट्टी असेल, त्यामुळे गाडी कुणाची हे त्यांना कळायचं नाही. तुम्ही मागे बसा, फक्त बोलू नका. तुमचा आवाज ऐकला की त्यांचा चेहरा खुलतो, आणि मला गाडी चालवताना आरशात बघावं लागतं.