सेबरच्या नाकात पाच ग्रॅम

३ जानेवारी, शनिवार
नव्या वर्षाचं, तांदळाच्या चिकट मोची-वड्यांचं सूप तीन वाट्या झालं. डोकं स्वच्छ. संकल्पाला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

ही वही फक्त माझ्यासाठी आहे. तरी सगळं नीट लिहून ठेवतो, कारण पुढेमागे माझ्यावर कोणी लेख लिहायला घेतला तर बिचाऱ्याची पंचाईत नको.

यंदा सेबर विमानाचं मॉडेल पूर्ण होणार म्हणजे होणार. सासरेबुवा तरुणपणी हवाईदलात मेकॅनिक होते. त्यांनी राखलेलं सेबर जेट, शेपटीवरच्या नंबरासकट, हुबेहूब छोटं करून दाखवीन असं मी त्यांना सहा वर्षांपूर्वी सांगितलं. काल सगळे जेवायला बसलेले असताना फुमिए म्हणाली, बाबा, जावयाचं विमान बघायचं असेल तर शंभरी गाठावी लागेल हं. सगळे हसले. स्वतःच्या बायकोने असं बोलावं! सासरेबुवा हसले नाहीत. म्हणाले, शंभरीचं सोड, डोळे तेवढे टिकायला हवेत. उजवा गेल्यातच जमा आहे. डाव्याने बघून घेईन म्हणतो, जमलं तर या वर्षी.

संकल्प एक: मे महिन्याच्या प्रदर्शनात सेबर आमच्या मॉडेल क्लबच्या टेबलावर. संकल्प दोन: तोवर नवा किट घ्यायचा नाही. कपाटात न उघडलेले १४३ डबे आहेत. तिथे पूर्वी गाद्या असत.

११ जानेवारी, रविवार
क्लबची सभा. अध्यक्ष इनाबा-सान म्हणाले, यंदा टेबल लहान मिळालंय. तीन वर्षांत ज्यांनी काहीच मांडलं नाही, त्यांची जागा ओरिदो-सानला द्यावी म्हणतो. हे बोलताना ते चहाच्या कपाकडे बघत होते. बाकीचेही आपापल्या कपाकडे बघत होते. कोणाबद्दल बोलणं चाललंय ते कळेना. मग कळलं.

मी उभा राहिलो आणि सेबरची घोषणा केली. टाळ्या पडल्या. थोड्या होत्या, पण मनापासून.

ओरिदो म्हणजे क्लबातली नवी मुलगी. दिवसा दातांच्या कवळ्या बनवते. हात बरा आहे, पण अनुभव कमी.

येताना एक किट घेतला. तोही सेबरच आहे, त्यामुळे नवा धरत नाही. सुटे भाग म्हणून.

२४ जानेवारी, शनिवार
घाईने काम सुरू करणारे पस्तावतात. आधी अभ्यास. पायलटच्या खुर्चीची उशी कोणत्या हिरव्या रंगाची होती यावर दहा दिवस घालवले. जुन्या मासिकांत तीन फोटो सापडले, तिन्ही काळेपांढरे. तरी हिरवा मला दिसतो.

संध्याकाळी सासरेबुवांना फोन केला. म्हटलं, तुमच्या विमानाची मी सगळी कुंडली काढली आहे. कोणत्या दिवशी काय झालं, सगळं. माझ्यापासून काही लपलेलं नाही. (दिवसांचा भाग अजून व्हायचा आहे.)  ते म्हणाले, सगळं म्हणजे? मी म्हटलं, सगळं. त्यांनी फोन ठेवला. भारावून गेले असणार.

८ फेब्रुवारी, रविवार
आज प्रत्यक्ष प्लास्टिकला हात लावला. डबा उघडला, भागांच्या चौकटी कोमट पाण्यात धुतल्या, वाळत घातल्या. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

सूचनापत्रक घडी न मोडता डब्यात परत ठेवलं. ते नवशिक्यांसाठी असतं.

११ फेब्रुवारी, बुधवार. सुट्टी
मासेमारीच्या दुकानातून गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. सेबर तीन चाकांवर उभं राहतं, एक पुढे, दोन मागे. नाकात वजन नसेल तर ते मागे कलंडून शेपटीवर बसतं. क्लबात याला नाव आहे: बूड टेकणं. नवशिक्यांचं हमखास होतं. म्हणून पाच ग्रॅम मोजून, चहाच्या रिकाम्या डबीत घालून, डबी टेबलावर अगदी समोर ठेवली. नजरेसमोर असलं की विसरायचा प्रश्नच नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
फुमिएने माझी खोली काबीज केली. मार्चमधल्या मुलींच्या सणाच्या हिना बाहुल्यांची पाच पायऱ्यांची मांडणी तिथेच हवी, म्हणे खिडकीचा उजेड चांगला येतो. लेकीचं लग्न होऊन सात वर्षं झाली. मी म्हटलं, आता या बाहुल्या कोणासाठी? ती म्हणाली, तुमच्या विमानांसारखंच, माझ्यासाठी.

माझं सामान सगळ्यात खालच्या पायरीजवळ सरकवलं. चहाची डबी कुठेतरी तिकडेच असेल.

१ मार्च, रविवार
देवदाराच्या परागकणांनी हैराण. चिमट्यात पुढच्या चाकाचा दांडा धरला होता, भाताच्या शितापेक्षा बारीक. शिंक आली. दांडा गेला. दोन तास रांगलो. फुमिए दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, उदबत्ती आणू का, की नुसतेच दंडवत?

शेवटी तो वरून दुसऱ्या पायरीवरच्या राजदासी बाहुलीच्या मांडीवर सापडला. सापडला फुमिएलाच.

२० मार्च, शुक्रवार. सुट्टी
ऐतिहासिक दिवस. पोटाचे दोन्ही अर्धे भाग जोडले! सांधा असा बसला की नखाला लागत नाही. आत कॉकपिट आहे, उशी आहे, त्या हिरव्या रंगाची. आता जन्मात कोणी ते उघडू शकणार नाही.

क्लबच्या ग्रूपवर फोटो टाकला. ओरिदो-सानने लिहिलं, सुंदर! नाकात वजन घातलंत ना?

मला विचारते! पंचवीस वर्षं मी हे करतोय. (पूर्ण केलेली विमानं: चार.) उत्तर दिलं, मुली, आमच्या वेळी हे विचारत नसत. नंतर वाटलं, थोडं जास्तच झालं. पण शिस्त हवी.

५ एप्रिल, रविवार
कॉकपिटवरची काच झटपट गोंदाने चिकटवली. त्याची वाफ आत धरते आणि काच पांढरी होते हे मला माहीत होतं. ती झालीही. आता उशी दिसत नाही. खुर्चीही दिसत नाही. खरं तर कॉकपिटच दिसत नाही.

विचाराअंती ठरलं: ही पहाट आहे. समुद्राकाठचा तळ, पहाटेचं दव, काच धुरकट. यापुढे देखावा पहाटेचाच.

१९ एप्रिल, रविवार
आधी काळ्या चकचकीत रंगाचा हात, त्यावर चांदीचा. आरसाच झाला. वाळला का बघायला डाव्या पंखाला अंगठा लावला. नव्हता वाळला.

फुमिए म्हणाली, पुसून परत मारा ना. तिला कोण समजावणार? मेकॅनिकांच्या हाताचे ठसे खऱ्या विमानांवरही असायचे. हा ठसा खऱ्या मापाने सहा माणसं झोपतील एवढा आहे, हे तिने नंतर पट्टी लावून दाखवलं. मी दुर्लक्ष केलं.

३ मे, रविवार
नव्या चहाचा हंगाम. आमच्या चहाच्या पेढीत रोज उशीर. नाहीतर देखावा केव्हाच झाला असता.

तरी धावपट्टीचा तुकडा तयार केला. काँक्रीटच्या भेगांतली माती म्हणून पेढीतली चहाची भुकटी वापरली. रंग झकास आला. घरभर भाजक्या चहाचा वास. शेजाऱ्यांनी चौकशी केली.

धावपट्टीवर एकच माणूस: तरुण मेकॅनिक, विमानासमोर ताठ उभा, सलाम ठोकणारा. हे सासरेबुवा. चेहरा फुमिएने रंगवला, कारण माझे हात त्या दिवशी चहाच्या भुकटीने भरले होते. भुवया हुबेहूब उतरल्यात. हे तिला सांगितलेलं नाही.

तिनेच सांगितलं की बाबा यायला टाळाटाळ करतायत. म्हणतात, गुडघा दुखतो. मी म्हटलं, भावना अनावर होतील म्हणून घाबरतात. व्हीलचेअर भाड्याने घे.

१० मे, रविवार. सकाळी ११
शेवटचं काम. चाकं लावली. गोंद वाळला. धावपट्टीवर ठेवलं.

सकाळी ११ वाजून १ मिनिट
बसलं. शेपटीवर. नाक छताकडे.

दुपारी १२
शांतपणे विचार केला. जमीन उतरती असेल. स्पिरिट लेव्हल लावून पाहिली. जमीन सरळ आहे.

दुपारी ३
फुमिए बाहुल्यांची खोकी माळ्यावर नीट लावत होती. एका खोक्यातून चहाची डबी निघाली. हलवून बघत म्हणाली, यात काहीतरी खुळखुळतंय, तुमचं का?

मी म्हटलं, नाही.

संध्याकाळी ६
उपाय सापडला. पुढचं चाक धावपट्टीला झटपट गोंदाने चिकटवलं. नाक खाली आलं. भक्कम बसलं. फुंकर मारून पाहिली, हललं नाही. कोणाला काही कळणार नाही. खरं कौशल्य चुका न करण्यात नसतं.

१५ मे, शुक्रवार
मांडणी झाली. गाडीत देखावा मांडीवर घेऊन बसलो होतो, फुमिए ताशी तीसने चालवत होती, मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

पाटी मी स्वतः लिहिली: नोबुहिरो मोचिझुकी. सेबर, पहाट. सखोल संशोधनावर आधारित. शेजारी ओरिदो-सानचं जुनं पंख्याचं विमान आहे. काच इतकी लख्ख की पायलटच्या घड्याळातले काटे दिसतात. मी तिला म्हटलं, छान, पण वातावरण हवं.

उद्या सासरेबुवा. अश्रू येणार. रुमाल दोन घ्यायचे.

१६ मे, शनिवार
जसं घडलं तसं लिहितो.

पावणेअकराला फुमिए त्यांना व्हीलचेअरमधून घेऊन आली, टेबलाजवळ सोडलं आणि पाणी आणायला गेली. सासरेबुवांनी खिशातून भिंग काढलं. डावा डोळा लावून वाकले. मी घसा साफ केला आणि पाटी वाचून दाखवायला लागलो.

टक्क असा आवाज आला. चाकाचा गोंद सुटला. नाक हळूहळू वर गेलं, अगदी सावकाश, आणि सेबर बूड टेकून बसलं. समोर तो ताठ उभा तरुण मेकॅनिक, हात कपाळाला. सलाम ठोकतोय असं आता वाटेना. कपाळाला हात लावून उभा होता.

सासरेबुवांनी भिंग खाली केलं. चेहरा पांढराफटक. मला जवळ ओढून कानात म्हणाले, कोणी सांगितलं तुला?

मी म्हटलं, काय?

ते म्हणाले, शोवा छत्तीस (म्हणजे १९६१), एप्रिल. नाकातल्या मशीनगन काढल्या होत्या दुरुस्तीला. नाक हलकं झालं की शेपटीखाली टेकू लावायचा असतो. तो लावणं माझं काम. मी सिगारेट ओढायला गेलो. परत येतो तर विमान असं बसलेलं, आणि समोर मोठे साहेब पाहणीला आलेले. मी असाच उभा होतो. फुमिएच्या आईलासुद्धा हे कधी सांगितलं नाही मी. तू म्हणालास कुंडली काढली, तेव्हाच कळलं, याला सापडलं. येणार नव्हतो. मग वाटलं, जावई आहे, एवढं नाही करायचा. आणि तू चार माणसांत मांडून ठेवलंस?

इनाबा-सान आणि ओरिदो-सान तीन हातांवर उभे. त्यांना सासरेबुवांचं कुजबुजणं ऐकू गेलं नव्हतं, पण बसलेलं सेबर दिसत होतं. खोटं बोलणार नाही: मला तेव्हा सुचलं की मान डोलवावी. हो, हे मुद्दाम केलंय, संशोधन आहे. अख्ख्या हॉलमध्ये माझ्यासारखा देखावा दुसरा नसता. तोंडही उघडलं होतं.

पण म्हाताऱ्याने माझी बाही अजून धरून ठेवली होती. माझ्या बढाया मारायच्या हौसेपायी हा माणूस जानेवारीपासून झोपला नसेल. मला स्वतःची लाज वाटली. फार वाटली.

मी म्हटलं, मी वजन घालायला विसरलो. मोठ्याने म्हटलं, कारण हळू म्हणता येईना. नाकात पाच ग्रॅम घालायचे होते, विसरलो. कुंडलीबिंडली काही काढली नाही. मी फक्त उशीचा रंग शोधला आणि तोही अंदाजाने. मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही.

इनाबा-सान छताकडे बघायला लागले. ओरिदो-सान स्वतःच्या विमानावरची धूळ झटकायला लागली. त्यावर धूळ नव्हती. चांगली मुलगी आहे.

सासरेबुवांनी विचारलं, विसरलास? मी म्हटलं, विसरलो. म्हणाले, साफ? म्हटलं, साफ.

मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग ठसका. फुमिए पाण्याची बाटली घेऊन धावत आली. माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली, काय केलंत बाबांना? दोन्ही रुमाल त्यांनाच लागले.

१७ मे, रविवार
सासरेबुवा आजही आले. गुडघ्याचं नाव नाही. मी चाक परत चिकटवायला गेलो तर हातावर चापट मारली. विमान बसलेलंच राहिलं.

दिवसभर टेबलाजवळ मुक्काम. येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, हा माझा जावई, पंचवीस वर्षं हेच करतो, आणि नाकात वजन घालायला विसरला. लोक फोटो काढत होते. दुपारपर्यंत मी मोजत होतो, मग सोडून दिलं. इनाबा-सान म्हणाले, आपल्या टेबलाला एवढी गर्दी कधीच नव्हती. त्यांनी पाटीतलं सखोल संशोधन खोडू का असं विचारलं. मी म्हटलं, खोडा.

निघताना फुमिएने विचारलं, बाबांना एवढं हसायला काय झालंय? आई गेल्यापासून असे हसले नव्हते. मी म्हटलं, माझी फजिती, दुसरं काय.

शोवा छत्तीसचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मीही नाही. कालचं पान फाडून टाकायला हवं. उद्या नक्की.