सफरचंदाकडचा कोपरा

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
३ मार्च १९९७

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. दोन वेळचं दूध काढून झालं की हातात पेन धरवत नाही, आणि गुडघे तर कधीच संपावर गेलेत.

आपलं शेत कायम शेतच राहावं, तिथे कुणाला घरं बांधता येऊ नयेत म्हणून मी जिल्ह्याच्या योजनेत अर्ज केलाय. बांधायचा हक्क सोडल्याबद्दल ते पैसे देतात, त्यात मदतीला गडी ठेवता येईल. त्यांचा माणूस येऊन गेला. शाळेसारखे गुण देतात. माती चांगली, त्याचे गुण. शेजारच्या नोल्टचं शेत आधीच योजनेत, त्याचे गुण. रस्त्यापलीकडे ती नवी घरं उठलीत ना, ज्यांच्याकडे बघून मी रोज कुढतो, त्यांचेही गुण मिळाले. धोका जवळ म्हणून!

पण घरासाठी तुकडा वेगळा ठेवला असेल तर गुण जातात. त्या माणसाने विचारलं, असं काही आहे का. मी म्हणालो, आहे. सफरचंदाकडचा कोपरा बाबांनी ताईला घरासाठी दिलाय. तेवढ्याने आपण यादीत खाली घसरलो. यंदा नंबर लागला नाही तर बिल्डरला हो म्हणावं लागेल. माझ्या पोराला, ड्वाइटला, अजून गाई ठेवायच्यात, पण माझ्या एकट्याच्याने आता ओढवत नाही. कोपरा सोड असं तुला तोंडाने म्हणवत नाही, म्हणून लिहितोय.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा,
हार्लन


वूस्टर, ओहायो
११ मार्च

चि. हार्लन यास,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, बाबा ते जेवताना नुसतं तोंडी बोलले होते. कागद नाही, काही नाही. ऐकणारी आई, तीही गेली. गप्प बसला असतास तर कोण विचारणार होतं? पण विचारलं की खरं सांगून मोकळं व्हायचं, ही आपल्या घराची खोड. मीही तेच केलं असतं, याचाच जास्त राग येतोय.

एल्विन गेल्यापासून या भाड्याच्या खोल्यांत मी रोज त्या कोपऱ्यावर घर बांधते. स्वयंपाकघराची खिडकी कुठे, तेही ठरलेलं आहे. मला ठाऊक आहे, आपल्या समाजाबाहेरच्या एल्विनशी लग्न केलेल्या मुलीला बाबांनी नांगर न लागणारी, बिनकामाची जागा दिली. तरी ती माझी होती रे.

घे, सोडली. सही केलेला कागद सोबत आहे. लगेच धन्यवाद वगैरे लिहू नकोस, सोसवणार नाही. ड्वाइटला पापा. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझीच,
व्हर्ना


लँकेस्टर
२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपला नंबर लागला.

कोपरा आता शेतात धरायचा म्हणून तो माणूस तिथली माती बघायला पुन्हा आला होता. सफरचंदाजवळ जमिनीत नळी घालून माती वर काढली, बोटांत चुरली आणि म्हणाला, एवढी खोल, भुसभुशीत माती तुमच्या अख्ख्या शेतात दुसरीकडे नाही. बाबांनी तिथे कधी नांगर घातला नाही, म्हणून आपण दोघंही ती जागा टाकाऊ समजत आलो. ताई, त्यांनी तुला सगळ्यात चांगली जमीन राखून ठेवली होती. तुला बोलले नाहीत, मलाही नाही. मी गोठ्यात जाऊन खूप रडलो.

आई राहायची ते घराला जोडलेलं छोटं घर रिकामं आहे. त्याला योजनेची हरकत नाही, मी विचारून घेतलंय. खिडकी तुला हवी तिथे पाडून देतो. तिथून सफरचंद दिसेल. ड्वाइट कोपऱ्यात मका लावू का म्हणून मागे लागलाय. त्याला सांगितलंय, आत्या येऊन उभी राहिल्याशिवाय तिथे नांगर जाणार नाही.

पेरणीचे दिवस चाललेत, तेव्हा लवकर कळव. धन्यवाद लिहिलेलं नाही, बघ.

तुझा,
हार्लन