बुडबुड्यांची तपासणी

अण्णा, तुमच्या नातीची तपासणी शुक्रवारी नांदेडला झाली. तुम्ही असता तर होऊ दिली नसती, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

भूकंपानंतर किल्लारीकडचं गाव सोडून आपण लातूरला आलो आणि तुम्ही पत्र्याच्या खोलीत शिकवणीच्या बॅचेस सुरू केल्या. माझा धाकटा भाऊ तेव्हा चौथीत, तुमच्याच स्कॉलरशिपच्या बॅचला. त्याला सारखा ताप यायचा. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "अहो, लेकरू लघवीला बसलं की रडायलंय." डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का ते पाहू, नळीतून रंग घालून एक्स-रे काढू. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणता, "मेच्या सुट्टीत बघू. ताप काय पळून चाललाय? आन् त्या रंगानं पोरगं दगावलं म्हंजे? इंजिनेरिंगला लावायचंय त्याला, दवाखान्याला न्हाई." भीती रंगाची होती की बुडणाऱ्या बॅचची, हे मला अजून ठरवता येत नाही. मे आला, तेव्हा तुम्ही त्याला पाचवीच्या गणिताला बसवलंत. मोठ्या मुलांना मात्र तुम्ही प्रतिध्वनी फार सुंदर शिकवायचात. सोनोग्राफी त्यावरच चालते, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

आज धाकटा डायलिसिसला जातो. ती तपासणी वेळेत झाली असती तर हे टळलं असतं का, ते कुणीच खात्रीनं सांगत नाही. तो तुमच्याबद्दल एक शब्दही वाईट बोलत नाही. ते काम मी घेतलं आहे.

माझ्या लेकीलाही तसाच ताप येऊ लागला. नांदेडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता एक्स-रे लागत नाही. नळीतून मूत्राशयात औषध सोडायचं. त्यात वायूचे अगदी बारीक बुडबुडे असतात, ते सोनोग्राफीत पांढरे चमकतात. नंतर लघवीवाटे निघून जातात."

"म्हणजे धोका काहीच नाही?"

"असं मी म्हणणार नाही, ताई. नळी टाकताना झोंबेल, कधी जंतुसंसर्ग होतो. औषधाची ॲलर्जी फार क्वचित, तरी नंतर थोडा वेळ इथंच बसवून ठेवते."

एका प्रश्नात एवढं कळतं, अण्णा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही असं म्हणू नका. तुम्ही विचारलंच नाही. मी तिथं होते.

पडद्यावर बुडबुडे डाव्या बाजूनं मूत्रपिंडाकडे चढले, थोडेच. "वेळेवर आणलंत," बाई म्हणाल्या, "बहुतेक औषधावर भागेल." मला आनंद झाला, पण लेक बचावली याच्यापेक्षा तुम्ही हरलात याचा जास्त. बघा, मी मनात म्हणत होते, नीट बघा.

लेक मुसमुसत होती. मी विचारलं, "लई झोंबतंय का गं?"

"न्हाई. आज शाळेत माझी टेस्ट होती. मॅडम आता मागच्या बाकावर बसवतील."

मी तिचे डोळे पुसले. तुम्हाला सांगते, कारण हा कागद कुठंच जाणार नाही. डॉक्टरबाईंनी शनिवारही सुचवला होता. शुक्रवारी टेस्ट आहे हे मला माहीत होतं, आणि ती बुडवून तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणूनच मी शुक्रवार घेतला. शनिवारीही बुडबुडे तेवढेच चढले असते.