नात्याबाहेरची सही

४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शेवटचा पेपरही सुटला. विमा संस्थेची फेलो व्हायला आता एकच शिफारस बाकी आहे. ती मिळाली की नुकसानीच्या अहवालावर माझी स्वतःची सही चालेल. आत्ता अहवाल मी लिहिते आणि खाली सही साहेबांची. पण शिफारस करणारा संस्थेचा जुना सभासद हवा, नात्यातला नको, आणि तो अर्जदाराला माणूस म्हणून ओळखणारा हवा. मुदत महिनाअखेरची.

इथे मला माणूस म्हणून कोण ओळखतं, याचाच विचार करत बसले आहे. घरमालकीण फक्त भाड्याच्या दिवशी दार वाजवते. ऑफिसात फाइल झाली का, एवढंच विचारतात. रविवारी तर दुकानात दूध मागताना माझा आवाज मलाच घोगरा वाटतो. तब्येत बरी आहे, बाबांना काळजी करू देऊ नकोस.

तुझी
बारकी

११ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पास झालीस हे ऐकून तुझ्या बाबांनी उगाचच चष्मा पुसला. आता शिफारशीचं. अगं, मीही त्याच संस्थेची फेलो. जळालेल्या गोदामात आधी कुठे बघायचं, ते तुला मीच शिकवलं. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, नातं कुणाच्या लक्षातही येणार नाही. कागद पाठव, सही करते. तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, इथूनही दिसतात मला! पण सगळ्या जगाचा खरेपणा तुझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवलेला नाही. जेवत जा वेळेवर.

तुझी, आठवण काढणारी
आत्या

२२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कागद पाठवत नाही, रागावू नकोस. माझी सही चालावी म्हणून तुझी सही खोटी पडायला नको.

शेवटी धीर करून शेजारच्या टेबलावरच्या सर्व्हेअर बाईंना विचारलं. त्याही फेलो आहेत. त्या म्हणाल्या, तुझ्या अहवालांची खात्री मी डोळे मिटून देईन. पण तू हसतेस कशाला, चिडतेस कशावर, मला काहीच ठाऊक नाही. येते आणि जाते यापलीकडे तू कधी बोललीच नाहीस. मग माणूस म्हणून ओळखते असं कसं लिहू? मला राग येईना. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. जिन्यात जाऊन थोडी रडले, एवढंच.

म्हणजे हे वर्ष गेलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या, आणि सोमवारपासून डबा घेऊन त्यांच्या टेबलावर यायला सांगितलंय. मी हो म्हणून बसले. आत्या, परक्या माणसाबरोबर जेवताना काय बोलतात गं? आपल्याकडे पान वाढलं की विषय एकच, आग नाहीतर चोरी. सोमवारच्या आत कळव.

माया करतेसच, तशीच कर.

तुझी
बारकी