मुक्या मांत्रिकाचे नियम

४ मार्च

मी आजपासून मांत्रिक! या वयात! हसून हसून पोट दुखलं.

नात — आमची भिंगरी — खेळ तयार करते. पत्त्यांचा नव्हे, सोंगट्यांचाही नव्हे. टेबलाभोवती बसायचं, ती गोष्ट सांगणार, आपण गोष्टीतली माणसं व्हायचं. अडलं की पुष्कळ पैलूंचा फासा टाकायचा. प्रत्येकाचा धंदा ठरलेला — योद्धा, चोर, वैद्य, मांत्रिक. त्याला ही मुलं क्लास म्हणतात. आणि गोष्ट सांगावी तर तिनेच! तिचा राक्षस बोलायला लागला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं. लोक पैसे देऊन बोलावतात तिला. तेच तिचं काम, त्यावरच तिचं पोट.

आणि तो आवाजच जायचा आहे. गळ्यातली कॅन्सरची गाठ आवाजाच्या पेटीत शिरली. पेटी काढली तर जीव वाचेल, उशीर करू नका — असं सर्जन म्हणाले. ही म्हणते, "आधी माझा नवा क्लास, मुका मांत्रिक, जमू दे. मुकं माणूस टेबलावर नीट खेळू शकलं तर मी ऑपरेशनला तयार. नाहीतर नाही." लेक, म्हणजे हिची आई, किंचाळलीच — "खेळावर जीव टांगतेस?" भिंगरी पेन्सिलीला टोक करत बसली.

मला का घेतलं? तर म्हणे, "आजी गप्प बसून खेळली, तर जगात कुणीही खेळेल." राग यायला हवा होता. मी लगेच खुर्ची ओढली!

७ मार्च

खेळायला दोघं आली. एक दाढीवाला, औषधांच्या दुकानात असतो, खेळात योद्धा. दुसरी कायदा शिकते, खेळात चोर! मी तिला वकिलीणबाई म्हणते. तिला आवडतं.

इतर मांत्रिक मंत्र म्हणतात. शत्रूने तोंड बांधलं की संपले. माझा मांत्रिक हातांनी जादू करतो. दाढीवाला म्हणाला, "याचं तोंड बांधून उपयोग नाही. मग हा हरणार कसा?" वकिलीणबाई म्हणाली, "याला काहीतरी किंमत पाहिजे, नाहीतर सगळे हाच क्लास घेतील." म्हणजे सगळे मुके व्हायला मागतील, असं ती म्हणाली. नंतर जीभ चावली.

किंमत ठरली — मांत्रिक एक शब्द बोलला की जादू मोडते. मी तयार! गुहेत शिरलो. भिंगरीने आवाज असा खाली नेला की माझ्या अंगावर काटा. आणि मी ओरडले — "अरे मेल्या, मागे बघ!"

जादू मोडली. दाढीवाल्याला राक्षसाने खाल्लं. सगळे हसले. भिंगरी खोकत खोकत हसली, मग नुसतीच खोकली.

८ मार्च

लेक माझ्याशी बोलत नाही. "तू तरी तिला वेड लावू नकोस." मी काय वेड लावणार? पण खेळायला जाताना मला आनंद होतो, हे खरंच. तो आनंद लपवत फिरते घरात.

१२ मार्च

आज गप्प बसले. खरंच! ओठ असे मिटले की वरचा दात टोचला.

पूल आला. झुलता, कुजलेला. मला दिसलं, म्हणजे भिंगरीने माझ्या एकटीच्या कानात सांगितलं, की पलीकडे दोर कापायला माणूस बसलाय. मी हात केला. दाढीवाला आणि वकिलीणबाई भांडत होती — आधी कोण जाणार, किती वजन चालेल. मी दोन्ही हात केले. टेबलावर बोटं वाजवली. वकिलीणबाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हो आजी, एक मिनिट." मग दोघांनी मिळून ठरवलं की आजी मागून येईल. मला कुणी विचारलं नाही.

दोर तुटला. मी दरीत.

वाईट पोरं नाहीत ती. विसरली, बस्स. मी तिथे बसले होते, हात वर करून, आणि खुर्ची रिकामी असल्यासारखी विसरली. एवढं आयुष्य बडबड केली म्हणून मला माहीतच नव्हतं की माणूस असं पुसलं जातं.

भिंगरीने कागद आवरले. मला म्हणाली, "पाहिलंस? ती मी असणार."

१३ मार्च

सर्जनकडची वेळ होती. भिंगरी गेली नाही. लेक दारात चपला घालून उभी होती, कितीतरी वेळ.

१४ मार्च

आज कुणी आलं नाही. भिंगरी पाणी गिळताना मान वाकडी करते. मी बघितलं की सरळ करते.

१९ मार्च

वकिलीणबाई आली. डोळे सुजलेले. बसायच्या आधीच म्हणाली, "नियम चुकीच्या माणसावर लावलाय आपण. गप्प बसायची किंमत मुक्यानेच का द्यायची? आम्ही देऊ."

भिंगरी हळूच म्हणाली, "बोल पुढे."

मग दोघींनी टेबलभर कागद पसरले. असं ठरलं — मुका मांत्रिक हात करील, पण मंत्र पुरा व्हायला सोबत्याने तो हातांवरून वाचून मोठ्याने म्हटला पाहिजे. चुकीचा वाचला तर चुकीची जादू होणार! आणि हाताकडे लक्षच दिलं नाही, तर लक्ष न देणाऱ्याची पाळी गेली.

खेळलो. काय सांगू! सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर. मी उजेड मागितला. दाढीवाल्याने मोठ्या थाटात म्हटलं, "बकरी!" झाली बकरी. अंधारात. ती राक्षसाच्या पायात आली, राक्षस पडला, आम्ही जिंकलो. "याला जादू म्हणायचं का?" वकिलीणबाई म्हणाली. दाढीवाला म्हणाला, "माझ्या बकरीला नावं ठेवू नकोस."

मी एक शब्द बोलले नाही आणि माझ्यावाचून कुणाचं पान हललं नाही.

दोघं गेल्यावर भिंगरी आईच्या खोलीत गेली. "आई, फोन कर सर्जनना."

लेक रडली. मग माझ्याशी बोलली.

२४ मार्च

उद्या ऑपरेशन. भिंगरी दिवसभर बोलत होती. राक्षस, म्हातारी, चेटकीण, दरवाजा, सगळ्यांचे आवाज काढले. दाढीवाला फोनवर भरून घेत होता. ती म्हणाली, "पुरे रे, मी मरत नाहीये." मी हसले सगळ्यात मोठ्याने. आम्ही हातांच्या खुणा पक्क्या केल्या — पाणी, दुखतंय, सगळ्यांना बाहेर काढ. शेवटची तिने माझ्यासाठी केली म्हणे!

२५ मार्च

पेटी काढली नाही. सर्जननी उघडलं, बघितलं, परत शिवलं. पार मागच्या हाडापर्यंत गेलंय, म्हणाले, आता काढून उपयोग नाही.

ती अजून गुंगीत आहे. जागी झाली की बोलेल, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिला कळेल.