सहा पायांचा भुंगेरा

अहो,

मी कराडला राहीबाई कुंभारणीकडे जाते आहे. आमटी झाकून ठेवली आहे, भाकऱ्या दुरडीत आहेत.

जिंकले मी! राहीबाईने काल सहा पायांचा भुंगेरा भाजून पाठवला. आजवर तिने मला करून दिलेला प्रत्येक मातीचा किडा बेंदराच्या सणाला पुजायच्या बैलासारखा चार पायांवरच उभा असायचा. "आवं बाई, एवढा मोठा बैल चार पायांवर उभा ऱ्हातुया, मग ह्या चिमुरड्याला सहा कशाला?" असं ती म्हणायची, आणि तुम्ही तिचीच बाजू घ्यायचात. शेवटी उसातला खरा हुमणीचा भुंगेरा मी डबीत घालून तिच्या पुढ्यात ठेवला. तिने पाय मोजले, पुन्हा मोजले आणि हसत सुटली. आता माझा काजवा आणि शेणकिडाही ती नव्याने करणार आहे.

"सहा पाय जमले तर काचेच्या कपाटातला वरचा कप्पा तुझा," असं तुम्हीच म्हणाला होतात. तुमच्या व्हॉलीबॉलच्या ढाली पुसून खाली लावल्या आहेत.

संध्याकाळी तुमचे साहेब चहाला येतील. या वेळी माझा भुंगेरा आधीच्या किड्यांसारखा पलंगाखाली सरकवू नका. कोणाचा म्हणून विचारलं, तर बायकोचा म्हणून सांगा.

— शरयू