उजव्या घोट्याचं माप

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
उर्वशी काल कॅम्पमधून घरी आली. माझी मुलगी, भारताच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. उजवा घोटा मुरगळला. १८ तारखेला आशियाई स्पर्धेची शेवटची यादी. हातात सोळा दिवस.
उजवा घोटा सव्वादहा इंच, डावा नऊ. सूज सव्वा इंच. हे मी मोजलं. कॅम्पच्या कागदावर नुसतं ‘मध्यम सूज’. मध्यम! गिऱ्हाइकाच्या कमरेपुढे मी ‘मध्यम’ लिहिलं असतं तर भंडाऱ्याकडच्या या शहापुरात एकोणीस वर्षं दुकान चाललं असतं?
फिजिओ मॅडमचं वय सव्वीस. सूचना: बर्फ लावा, पाय उंच ठेवा, धावणं बंद, रबरी पट्ट्यानं हलका व्यायाम, रोज माप व्हॉट्सअॅपवर पाठवा. शेवटची तेवढी शहाणपणाची.
संकल्प: १४ तारखेला पोरगी ठणठणीत परत पाठवणार. मला टेलरिंग कोणी शिकवलं नाही. जुनी पॅन्ट उसवून शिकलो. घोटा काय पॅन्टपेक्षा अवघड आहे?

३ फेब्रुवारी, मंगळवार
बर्फ बंद. कढत मीठपाणी, दिवसातून तीनदा, वीस मिनिटं. पाय पाण्यात असतानाच दुकानातली मापाची टेप घोट्याला गुंडाळून ठेवतो. सूज उतरली की जागेवर कळते.
रबरी पट्टाही बंद. रबर किती ताणला ते दिसत नाही. टेपचा फास पावलात अडकवून दोन्ही टोकं तिच्या हातात दिली. जोर लावून ओढ म्हटलं. शंभर वेळा.
बायको रुखमिणी म्हणाली, मॅडमनं बर्फ सांगतला न? म्हटलं, मग मॅडमलेच आण पोळ्या लाटाले. लाटणं आपटून शेजारी गेली. घर शांत.

५ फेब्रुवारी, गुरुवार
उजवा घोटा दहा इंच. पाठवलं. उत्तर आलं: ग्रेट, अंकल. मी हिचा अंकल कधी झालो?

७ फेब्रुवारी, शनिवार
ग्रामपंचायतीचा शिपाई भैय्यालाल नवी पॅन्ट घेऊन भांडायला आला. श्रावणभाऊ, बटन लागून नाही राहिलं, माप कोणाचं घेतलं, माह्या पोराचं? बुधवारीच माप घेतलंय. म्हटलं, लग्नसराईत पोट वाढतं. म्हणतो, लग्न तं उद्या आहे, आज कुठं जेवलो?
अशा माणसाशी काय बोलायचं. माझ्याकडे माप टेपनं, कापणी लोखंडी पट्टीनं. चुकायला जागाच नाही. म्हणून मी शिलाईच्या आत जादा कापडही सोडत नाही. ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही, त्यानं सोडावं.

९ फेब्रुवारी, सोमवार
साडेनऊ! फिजिओ लिहिते, अपेक्षेपेक्षा फास्ट रिकव्हरी, आल्यावर सरळ प्रॅक्टिसला घेऊ. शिकली म्हणायची.
दोन ब्लाउज परत आले. कुंताबाई भर दुकानात म्हणाली, भाऊ, ब्लाउज घालू का श्वास घेऊ, एक सांगा. गावाचं खाणं फार वाढलंय.
स्वतःसाठी नेव्ही ब्लू ब्लेझर कापला. विमानतळावर खेळाडूच्या वडिलांचा फोटो निघेलच. छाती पावणेअडतीस. मागच्या वर्षी चाळीस होती. धावपळीनं उतरलो.
उर्वशी म्हणते, बाबा, अजून दुखून राहिलं. म्हटलं, साडेनऊ इंचाचा घोटा एवढा दुखत नसतो.

११ फेब्रुवारी, बुधवार
उजवा सव्वानऊ. पाव इंच बाकी.
रुखमिणीनं मुद्दाम डावा मोजायला लावला. साडेआठ. म्हणाली, चांगला पाय काहून बारीक होऊन राहिला? अर्धा तास विचार केला. उत्तर सरळ आहे. मॅडमच्या आरामानं पायावरचं मांस उतरलं. पोरीचे दोन्ही पाय वाळवायला निघाली ती. उद्यापासून धावणं. बारा फेऱ्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
शाळेचं मैदान. चौथ्या फेरीत उर्वशी खाली बसली. ही पोरगी दात पडला तेव्हा रडली नव्हती. आज रडली.
मैदान उंचसखल आहे. ग्रामपंचायतीला लाज नाही.
घोटा पावणेदहा. फिजिओला सव्वानऊच पाठवलं. आजचा आकडा मैदानाचा आहे, घोट्याचा नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
मायलेकी कॅम्पला गेल्या. मीही निघालो होतो. ब्लेझरचं बटन लागेना. इस्त्री जास्त तापली असावी, कापड आटलं. रुखमिणी म्हणाली, तुमी राहा, दुकान पाहा. उर्वशी रिक्षात बसताना पाय उचलून ठेवत होती, दोन्ही हातांनी.

१६ फेब्रुवारी, सोमवार
फिजिओचा फोन. स्कॅन झालं. लिगामेंट अर्धं फाटलंय. त्यातलं किती आधीचं आणि किती धावण्याचं, सांगता येत नाही म्हणाली. मग विचारलं, अंकल, आपने नापा किससे था? फोन कट केला. उद्धट बाई.
दुपारी भैय्यालाल आला. लग्नाला जुन्या पॅन्टवर गेला होता, तो राग. माझ्या गळ्यातली टेप ओढून त्यानं लोखंडी पट्टीला लावली. साठ इंचाची टेप साडेत्रेसष्ट भरली. म्हणाला, भाऊ, गावाचं पोट नाही वाढलं.
टेपच्या कंपनीला कडक तक्रार लिहायला बसलो. कंपनीचं नाव सापडेना. कढत पाण्यानं पुसून गेलंय.
मग बसूनच राहिलो. दुकान उघडं होतं, कोणी आलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
यादी लागली. तेवीस नावं. दोनदा मोजली. तेवीसच आहेत. आमचं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी नवी टेप आणली. आधी पट्टीला लावली. साठ म्हणजे साठ.
ब्लेझर उसवून पाहिला. मोठा करायला आत कापडच नाही. शर्टावर भंडारा रोड स्टेशनला गेलो.
रुखमिणी आधी उतरली. माझ्याकडे न पाहता कुबडी खाली घेतली, मग पोरीला. उर्वशी वाळलीय. किती ते सांगता येणार नाही.
मी खाली वाकलो. ती कुबडीसकट मागं सरकली. म्हणाली, माप नोका घेऊ, बाबा.
मी बॅग उचलायला वाकलो होतो. टेप गळ्यातच राहिली होती.